सपाट रस्त्यावरची थरथर

बदलापूर,
७ सप्टेंबर १९५३

ती. दादांना सौ. उमाचा नमस्कार.

मामंजींच्या सांगण्यावरून हे पत्र लिहीत आहे, आणि पाकिटात घालण्यापूर्वी ते त्यांना वाचून दाखवीन.

बाबांची गाडी, जी लग्नानंतर आपण माझ्यामागोमाग इकडे पाठविलीत, ती अलीकडे ब्रेक दाबला की थरथरू लागली आहे. काल मामंजी अंबरनाथच्या शिवमंदिरास गेले होते. रेल्वेच्या फाटकाशी ब्रेक लागताच त्यांच्या हातची काठी निसटून पायावर पडली. घरी येताच त्यांनी सांगून टाकले की दोष निघत नसेल तर गाडी विकून टाकावी. मग त्यांनाच आठवले की सूनबाईचे बंधू पुण्यास यंत्रशास्त्राचे प्राध्यापक आहेत.

गाडीचा उपयोग बेताचाच आहे. रविवारी मामंजी देवळास जातात. शनिवारी दुपारी मी उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात निर्वासित बायकांचा शिवणवर्ग घेते. चालवणारा हिरामण हा जवळच्या चामटोलीचा, सावकाश चालवणारा आहे. रस्ता सगळा सपाट.

एक विनंती. येथे आलेले प्रत्येक पत्र मामंजी चहाच्या वेळी सर्वांना मोठ्याने वाचून दाखवितात. तेव्हा उत्तरात गाडीवाचून दुसरे काही नसावे. मंडळींना रस तेवढ्यातच आहे.

सौ. उमा

*

पुणे,
११ सप्टेंबर १९५३

चि. कुमुदला आशीर्वाद.

सहीतल्या उमेशी माझा परिचय नाही. बाबांनी ठेवलेले नाव मला पुरते.

गाडी 'थरथरते' असे तू लिहितेस. हा शब्द विचार करून वापरला आहेस, की हाताशी आला म्हणून? ब्रेक एकदम धरून गाडी एका अंगाला ओढली जात असेल तर त्याला हिसका म्हणतात, आणि ब्रेकच्या पट्ट्यांना तेल लागले असावे असा त्याचा अर्थ होतो. काही सैल झाले असेल तर खडखड होते, आणि ती ब्रेक सोडल्यावरही राहते. थरथर निराळी. ती ब्रेक दाबताच येते, चाकाच्या फेऱ्याबरोबर ठेक्यात चालते, वेग उतरला की संथ होते आणि पाय उचलताच नाहीशी होते. तसे असेल तर दोष ड्रममध्ये आहे: चाकातल्या ज्या लोखंडी घेराला पट्ट्या आतून घासतात तो घेर गोल राहिलेला नाही. शब्द चुकला तर निदान चुकेल, आणि चुकीच्या निदानावर खर्च करणाऱ्यांची मला कीव येत नाही.

हातातले चक्र कापत असेल तर पुढचे ड्रम पाहावे, बैठक कापत असेल तर मागचे. खात्रीसाठी मोकळ्या रस्त्यावर पायाचा ब्रेक न लावता हातब्रेक हळूहळू ओढावा. तो फक्त मागच्या चाकांवर चालतो. तेवढ्यानेच थरथर आली तर संशयास जागा राहत नाही. मग ड्रम उतरवून दिसेल ते जसेच्या तसे लिहावे. तर्क माझ्यावर सोडावा.

एक गोष्ट मला खटकते. आठवड्यातून दोनदा सपाट रस्त्यावर जाणाऱ्या गाडीचे ड्रम बिघडावेत कशाने? परंतु कारण असतेच. 'कारण सापडले नाही' असे वाक्य मी आजवर कोणासही लिहून दिलेले नाही.

घरगुती विषय नकोत, असे तू सुचवितेस. आपल्या घरात जिच्याविषयी लिहिण्यासारखे काही होते तिचे नाव, माझ्या संमतीवाचून लग्न करून ती गेली त्याच दिवशी मी बंद केले. तुझ्या मामंजींनी निश्चिंत असावे.

शरदचंद्र

*

बुधवार, दुपार

कुंदे,

हे हिरामणच्या हाती देते आहे. सकाळी कामावर येताना तुझी चिठ्ठी त्याने आणली. संध्याकाळी घरी परतताना तो टेकडी चढून हे तुला देईल. वाचून फाडून टाक.

दादाचे पत्र आले आणि चहाबरोबर वाचले गेले. शेवटचा परिच्छेद मामंजींना इतका आवडला की त्यांनी तो दोनदा वाचला. 'असा करारी माणूस विरळा,' असे म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिले. यांनी वर्तमानपत्राचे पान उलटले. कारखान्यात यांच्या शब्दाला मान आहे म्हणतात. घरात शशिकांत हे नाव फक्त पाटीवर आहे.

दादाला खरे कळवणे मला अशक्य नाही. कॅम्पातल्या पेटीत टाकलेले माझे पत्र कोणी वाचत नाही. पण त्याचे उत्तर येथे येईल. आपली कुंदा क्षयाने टेकडीवरच्या आरोग्यधामात पडली आहे, हे वाक्य मामंजींच्या आवाजात ऐकायची माझी तयारी नाही. त्यात वन्संचे लग्न ठरत आले आहे; वहिनीच्या माहेरी क्षय आहे एवढे पुरेल. उत्तर न देता राहणे दादाला जमत असते, तर त्याला केव्हाच सांगितले असते.

थरथरीचे कारण मला ठाऊक आहे. तुझ्याकडून निघून टेकडी उतरतो तेव्हा ब्रेकवरचा पाय उचलता येत नाही, आणि ओढ्याशी थांबेपर्यंत चाकांतून ऊब येऊ लागते. मी कार्बोलिकच्या साबणाने हात धुऊन पातळ बदलेपर्यंत हिरामण हातब्रेक ओढून चाकांवर बादल्या ओततो, कारण ती तांबडी माती कॅम्पाच्या वाटेवर कोठेच नाही. तापल्या लोखंडावर गार पाणी घालू नये, असे बाबा म्हणत. ते दादालाही आठवत असेल, ही मला भीती आहे.

नवरात्रातल्या पहिल्या शनिवारी तुझे ऑपरेशन. बरगड्या काढणार म्हटल्यापासून तू फार विनोद करतेस, ते मला आवडत नाही. तुला आत नेतील तेव्हा मी बाहेरच्या बाकावर असेन. हे वचन आहे. गाडी तेवढे दिवस चालली पाहिजे, म्हणजे झाले. कॅम्पात टेकचंद नावाचा एक सिंधी ओतारी आहे. त्याच्याकडे ड्रम तयार मिळतात. दादाने नुसते 'बसवा' म्हटले की पुरे.

तुझी,
कुमुद

*

बदलापूर,
२१ सप्टेंबर १९५३

ती. दादांना सौ. उमाचा नमस्कार.

मामंजी शेजारी बसून सांगत आहेत आणि मी लिहीत आहे.

शब्द थरथर हाच योग्य. 'तुझ्या बंधूंना कॉलेजात यंत्रे शिकवायला ठेवले आहे की व्याकरण?' असे मामंजी म्हणाले, तरी चौकशी त्यांनी कसून केली. बैठक कापते, चक्र स्थिर असते. हातब्रेक ओढूनही तेच झाले. हिरामणने मागचे दोन्ही ड्रम उतरवले. आतल्या घेरावर मोरपिशी निळे डाग आहेत आणि डागांभोवती केसाएवढ्या बारीक भेगा. चाके बाहेरून धुतल्यासारखी स्वच्छ. मडगार्डांच्या आतल्या बाजूस मात्र तांबड्या मातीचे पोपडे. हे शेवटचे वाक्य मी अनावश्यक म्हणून गाळीत होते. दिसेल ते जसेच्या तसे लिहावे असे आपण म्हटले आहे, याची आठवण देऊन मामंजींनी ते घालावयास लावले.

कॅम्पातल्या टेकचंदकडे या मापाचे ड्रम आहेत. 'अदी, जोडी लो. एक बदलोगी तो दूसरा रूठेगा,' असे तो म्हणतो; अदी म्हणजे त्यांच्यात ताई. पट्ट्यांसकट याच आठवड्यात बसवून देईल. मला स्वतःला हा मार्ग बरा वाटतो. उत्तर एका शब्दाचे आले तरी चालेल.

सौ. उमा

*

पुणे,
२५ सप्टेंबर १९५३

श्री. विष्णुपंत यांच्या सेवेशी शरदचंद्राचा नमस्कार.

विषय आता कुमुदच्या आवाक्यातला राहिला नसून घरातल्या शिस्तीचा झाला आहे, म्हणून हे पत्र घराच्या कर्त्यास लिहितो.

आपण आग्रहाने घालावयास लावलेले वाक्य संपूर्ण पत्रात सर्वांत मोलाचे होते. निळे डाग म्हणजे लोखंड बेसुमार तापले. सपाट रस्त्यावर ते तसे तापत नाही. त्याला लांब उतार लागतो. बारीक भेगा म्हणजे तापलेले लोखंड एकाएकी थंड केले गेले, अर्थात पाण्याने. हातब्रेक आवळलेला असताना हे घडल्यामुळे मागचे ड्रम निवताना वेडेवाकडे झाले. आता प्रश्न असा की उतारावरून आल्याबरोबर, निवण्याची वाट न पाहता चाके कोण धुतो? ज्याला चाकांवरची माती लपवायची आहे तो. माती तांबडी आहे. कॅम्पाचा रस्ता तांबडा नाही, परंतु चामटोलीपलीकडची टेकडी तांबडी आहे, आणि आपला ड्रायव्हर चामटोलीचा आहे.

कुमुद शिवणवर्गात गुंतलेली असताना हा मनुष्य गाडी परस्पर टेकडीवर नेतो. बहुधा भाड्याची माणसे वाहतो. याहून निराळे अनुमान या पुराव्यातून निघत नाही. त्याचे काय करावे हे आपण जाणता.

ड्रमविषयी. टेकचंदसारख्यांचे ओतकाम मी पाहिलेले आहे. त्यात एकजीवपणा नसतो. जुने ड्रम लेथवर कातून घेण्यातही अर्थ नाही, कारण डागांच्या जागी लोखंड कठीण झालेले असते व तेथे पुन्हा उंचवटे येतात. मुंबईच्या विक्रेत्यामार्फत विलायतेहून अस्सल जोडी मागवावी. बोटीने यावयास काही महिने लागतील. तोवर चाके काढून गाडी लाकडी ठोकळ्यांवर उभी करावी. अर्धवट दुरुस्तीपेक्षा गाडी न वापरणे केव्हाही श्रेयस्कर.

आपला,
शरदचंद्र

*

बदलापूर,
३० सप्टेंबर १९५३

प्राध्यापकमहाशयांस विष्णुपंतांचा नमस्कार.

आपले पत्र सर्वांसमक्ष वाचले. हिरामणला पुढ्यात उभा करून विचारले असता त्याने मान खाली घातली व काही बोलला नाही. हे कबुलीसारखेच होय. त्याला त्याच दिवशी काढून टाकले. सूनबाईंनी त्याच्या बाजूने शब्दही काढला नाही, त्यावरून त्यांनाही पूर्वीपासून संशय असावा. फक्त चहाचा ट्रे आत नेताना त्यांच्या हातून कपबशी फुटली.

गाडी ठोकळ्यांवर चढवली आहे. वर ताडपत्री घातली. अस्सल जोडी मागविली. शिवणवर्गास सूनबाई आता मोलकरीण कौसाबाईच्या सोबतीने आगगाडीने जातील, व तिच्याच सोबतीने परततील. बदलापुरात आपल्यासारखी बुद्धी असती तर निम्मे गुन्हे उघडकीस आले असते.

विष्णुपंत

*

आरोग्यधाम, चामटोलीजवळ,
२३ ऑक्टोबर १९५३

दादा,

अक्षर ओळखशील. पडल्या पडल्या शाई चालत नाही, म्हणून पेन्सिल. घरच्या नियमाप्रमाणे मी तुला लिहू नये. पण तुझ्या पत्राचा मजकूर मला तोंडपाठ झाला आहे. हिरामणने तो पुढ्यात उभे राहून ऐकला आणि येथे येऊन मला सांगितला. तेव्हा उत्तर देण्याचा थोडा हक्क मला पोचतो.

तुझे निदान बरोबर आहे. उतार बरोबर, पाणी बरोबर, माती बरोबर, लपवाछपवीही बरोबर. माणूस तेवढा चुकला. टेकडीवर भाड्याची माणसे कोणी वाहत नव्हते. दर शनिवारी शिवणवर्ग लवकर आटोपून कुमुद माझ्याकडे येत होती. ज्याच्याशी लग्न करून मी गेले तो गुरुदत्त गेल्या वर्षी याच दुखण्याने गेला. नंतर मला धरले. हे तुला कळवायचे नाही, असे मीच तिला बजावले होते. तिच्या सासरी कळणे तर शक्यच नव्हते. ओढ्यावर ती अंगावरची टेकडी धुऊन टाकी आणि हिरामण गाडीवरची.

ड्रम कुमुद त्याच आठवड्यात बसवून घेणार होती. तू अस्सल मागवायला सांगितलेस. तू नेहमीच अस्सल मागतोस, दादा.

नवरात्रात माझे ऑपरेशन झाले. आत नेताना मी बाकाकडे पाहिले. ते रिकामे होते. हे तुला लागावे म्हणून लिहीत नाही, तू दिसेल ते जसेच्या तसे मागतोस म्हणून लिहिते. मागाहून नर्सने सांगितले की मला आत नेल्यावर कोणी एक गावकरी पागोटे मांडीवर घेऊन दिवसभर तेथे बसला होता. हिरामणला मी विचारले, की तू विष्णुपंतांना खरे का सांगितले नाहीस. 'माजं काय, चामटोलीला भात हाय माजा,' तो म्हणाला. 'वैनीसायब जातील कुठं?'

मी जगेन असे डॉक्टर म्हणतात. तुझी क्षमा मला नको, आणि तुलाही माझी मागण्याची घाई नसावी. कुमुदची मात्र वाट मी पाहते. तिला घेऊन येता येत असेल तर ये. एकटा येणार असशील तर येऊ नकोस. आणि तिला पत्र लिहू नकोस. ते कोण वाचतो हे तिने तुला पहिल्याच पत्रात सांगितले होते.

कुंदा

*

पुणे,
२७ ऑक्टोबर १९५३

श्री. विष्णुपंत यांच्या सेवेशी शरदचंद्राचा नमस्कार.

माझे निदान चुकले.

गाडी प्रत्यक्ष न पाहता, केवळ पत्रातील वर्णनावरून मी उतार, पाणी आणि लपवाछपवी यांची एक साखळी रचली. तिला आधार नव्हता. जुन्या ड्रमवर निळे डाग व भेगा निव्वळ वयाने येऊ शकतात. तांबडी माती कोठूनही उडू शकते. गेल्या पत्रातील प्रत्येक विधान मी मागे घेतो व तसे सहीनिशी लिहून देतो. आपण ते ज्यांच्यासमक्ष वाचले, त्यांच्यासमक्ष हेही वाचावे.

यातून दोन गोष्टी ओघाने येतात. हिरामण निर्दोष आहे. माझ्या चुकीची शिक्षा त्याने भोगणे मला सहन होणार नाही, तरी त्याला परत बोलवावे. दुसरे, विलायती जोडीची वाट पाहण्याचे कारण नाही. टेकचंदचे ड्रम सपाट रस्त्यास सर्वथा योग्य आहेत.

भाऊबीजेस मी येत आहे. ड्रम माझ्या देखरेखीखाली बसवून घेईन आणि कुमुदला बरोबर घेऊन गाडी रस्त्यावर तपासून पाहीन. ओवाळणी म्हणून बहिणीला निर्दोष गाडी द्यावी, एवढीच इच्छा आहे. भावाच्या ओवाळणीस आपल्यासारखे परंपरा जाणणारे गृहस्थ नाही म्हणणार नाहीत.

आपला,
शरदचंद्र

*

मंगळवार, १० नोव्हेंबर

कुंदे,

हे पुन्हा हिरामणच्या हाती देता येते आहे, यावरच माझा अजून विश्वास बसत नाही.

दादाचे पत्र आले त्या दिवशी मामंजींनी शेजारच्यांनाही चहाला बोलावले. 'माझे निदान चुकले' हे वाक्य किती वेळा वाचले म्हणून सांगू? पुण्याचा प्राध्यापक हात टेकतो आणि बदलापूरचा पेन्शनर ते वाचतो, या आनंदात हिरामण परत आला आणि ताडपत्री निघाली. यांनी मात्र वर्तमानपत्र खाली ठेवले आणि माझ्याकडे पाहिले. त्यांना काय कळले, ठाऊक नाही. कळले असले तरी ते बोलणार नाहीत, आणि याबद्दल आभार मानावेत की रडावे हे मला ठरवता येत नाही.

 तुझ्या खोलीत दोन निरांजनांपुढे ताठ बसून दादाने ओवाळून घेतले आणि तुझ्या ताटात काय घालावे हे न सुचून हातातले घड्याळ घातले, ते तू पाहिलेसच. परतताना उतारावर गाडी तो स्वतः चालवीत होता. गिअरमध्ये धरूनही पाय ब्रेकवर ठेवावाच लागला. मधल्या वळणावर तो पुटपुटला, 'हा उतार मी हिशेबात कमी धरला होता.'

ओढ्याशी उतरून त्याने ड्रमला हात लावला आणि चटका बसताच मागे घेतला. आता चांगला वेळ थांबले पाहिजे, म्हणाला. सूर्य कलला होता. मामंजी जेवायला खोळंबले असतील, एवढेच मी म्हटले. दादाने चाकांकडे पाहिले. ती पार मधल्या तुंब्यापर्यंत तांबडी झाली होती. मग त्याने कोट काढून माझ्या हाती दिला आणि हिरामणकडे बादली मागितली.

हिरामण म्हणाला, 'सायब, तुमीच लिवलं व्हतं ना, पानी मारू नुको म्हनून?'

'मी लिहिले होते. आण ती बादली.'

पाणी पडताच चाके चर्र करून वाफाळली, तेव्हा दादाने डोळे मिटले. कोणाच्या तरी अंगावर ओतावे तसा त्याचा चेहरा झाला होता. पण थांबला नाही. चारही चाके झाली, मग गुडघे टेकून तो मडगार्डांखाली शिरला आणि आतली माती बोटांनी खरवडून काढू लागला. 'तू ही बाजू धूत नव्हतास,' तो हिरामणला रागावून म्हणाला. 'सगळी चूक इथे झाली. काम करायचे तर पुरे करावे.'

पातळ बदलून मी येईपर्यंत त्याचे धोतर मात्र तांबडे झाले होते. ते नेऊन लपवायला जागा नव्हती, तेव्हा घरी त्याने सांगितले की कॅम्पाच्या बाजारात मसाल्याच्या पोत्यांवर घसरून पडलो. मामंजी इतके हसले की त्यांना ठसका लागला. दादा पाट ओढून जेवायला बसला.

शनिवारी येते.

कुमुद

*

बदलापूर,
१४ डिसेंबर १९५३

ती. दादांना सौ. उमाचा नमस्कार.

मामंजी शेजारी बसले आहेत.

गाडीची थरथर पुन्हा सुरू झाली आहे. लक्षणे पूर्वीचीच: बैठक कापते, ठेका चाकाच्या फेऱ्याबरोबर. या खेपेस चाके आतून-बाहेरून स्वच्छ आहेत, मडगार्डांखालीसुद्धा काही आढळले नाही, असे मामंजींनी मुद्दाम लिहावयास सांगितले आहे. ड्रम नवे असता असे व्हावे याचे कारण काय, असे ते विचारतात.

शनिवारचा वर्ग नेमाने चालू आहे. वर्गातल्या एका बाईची प्रकृती मध्यंतरी फार बिघडली होती. ती आता उठून व्हरांड्यापर्यंत चालते. मामंजींच्या मते हा मजकूर गाडीशी संबंधित नाही, तरी राहू द्यावा असे मी म्हटले.

सौ. उमा

*

पुणे,
१८ डिसेंबर १९५३

सौ. उमेस आशीर्वाद.

तुझे पत्र लक्षपूर्वक वाचले. गाडीशी संबंध नसलेला मजकूर अधिक लक्षपूर्वक.

ड्रमची नवी जोडी टेकचंदकडूनच बसवून घ्यावी, आणि थरथर आली की तसेच करीत जावे. विलायतेची जोडी येईल तेव्हा ती न उघडता माझ्याकडे पाठवावी. वर्ग एकही शनिवार बुडू नये. उभी राहिलेली गाडी अधिक बिघडते. रस्ता सपाट आहे, हे मी स्वतः पाहिलेले आहे.

तुझ्या मामंजींच्या प्रश्नावर मी बराच विचार केला. कारण सापडले नाही.

शरदचंद्र